राख, खार, चुना आणि मोरीतली बाटली

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. वसुबारसेला दोन-तीन दिवस होते, घरात आवराआवर चालली होती. आईनं मोरी घासायला घेतली. वय पंचाहत्तरीला आलेलं, पण दिवाळीची मोरी दुसऱ्या कुणाला घासू देणार नाही, हा तिचा हट्ट. सकाळी ब्लीचिंग पावडर टाकून ठेवली होती. डाग निघेनात म्हणून तिनं वरून ॲसिड ओतलं. दोन मिनिटांत खोकत बाहेर आली आणि ओट्यापाशी खाली बसली. डोळ्यांतून धारा, श्वास घेता येईना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय काय एकत्र केलं होतं?" ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतलं. आता बरी आहे, पण जिना चढताना अजून मध्ये थांबते.

ती ॲसिडची बाटली मीच आणली होती. आठवडी बाजारातून, हातगाडीवरून. सरबताची जुनी बाटली, लेबल नाही, बुचाला चिंधी. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये सांगितलंय की ॲसिड असं सुटं विकायचं नाही, विकणाऱ्यानं रजिस्टर ठेवायचं, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं. यावर मी स्वतः बातमी केलेली आहे. आणि तीच बाटली मी वीस रुपयांना पिशवीत घालून घरी आणली.

झालं काय होतं, तर ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडलं की क्लोरिन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्यानं शत्रूच्या खंदकांवर सोडला होता, तोच. आमच्या पाच बाय चारच्या मोरीत तो तयार झाला आणि खिडकी होती बंद.

घरी आल्यावर पडल्या-पडल्या आई म्हणाली, "आमच्या वेळी राख होती बाप्पा. राखेनं कुणाचा जीव गुदमरला नाही."

हे वाक्य डोक्यातून जाईना. मग गेलं वर्षभर जमेल तसं वाचत गेलो, म्हाताऱ्या माणसांना विचारत गेलो. आपली घरं कशानं साफ होत होती, ते केव्हा बदललं आणि का बदललं? व्हॉट्सॲपवर 'आजीच्या बटव्या'च्या पोस्ट रोज येतात, त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पण सगळंच खोटं आहे, असंही नाहीये. जे सापडलं ते लिहितोय. जरा लांबलंय, सवडीनं वाचा.

सुरुवात राखेपासूनच. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट नावाचा क्षार असतो. ओल्या हातानं राख तेलकट कढईवर घासली की हा क्षार तेलाशी भिडतो आणि थोडासा साबण तिथल्या तिथं, भांड्यावरच तयार होतो. वर राखेचे बारीक कण घासणीचं काम करतात. नारळाची शेंडी आणि चिमूटभर राख, एवढ्यात काम भागायचं. कंदिलाची काजळी धरलेली काचसुद्धा राखेनंच पुसायचे. तांब्या-पितळेचं गणित वेगळं. तिथं डाग हवेमुळे धरतो आणि तो आंबटानं सुटतो. म्हणून बंब, घंगाळ, देवाची भांडी चिंचेनं नाहीतर लिंबाच्या सालीनं घासायची. रिठ्याच्या टरफलात फेस करणारं द्रव्य असतं. सोनार दागिने त्यात उजळायचे, रेशमी लुगडी त्यातच धुतली जायची. कुणी शाळेत रसायनशास्त्र शिकलेलं नव्हतं, पण तेलाला क्षार, पितळेला आंबट आणि रेशमाला रिठा ही वाटणी घराघरात पक्की होती. रेशमाला राख लावणारी बाई मला तरी कुणाच्या आठवणीत सापडली नाही.

आता आमच्या भागातली गोष्ट. लोणार आमच्यापासून तासाभरावर. उल्केनं पडलेलं विवर आणि त्यातलं खारं सरोवर बघायला जगभरातून लोक येतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या चॅनेलवर आलं होतं. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झालं होतं. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण लोणारची एक जुनी ओळख आपण पार विसरलोय. हे सरोवर म्हणजे आपल्याकडची सोड्याची खाण होती.

अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती लिहिली. त्यात लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबण बनवायला लागणारं सगळं इथं मिळतं, आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो, असं तो नोंदवतो. म्हणजे चारशेहून जास्त वर्षांपूर्वी साबणाचा कच्चा माल म्हणून दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला लोणार माहीत होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर क्षाराचे थर उघडे पडायचे. लोक ते गोळा करायचे. त्यांच्या प्रतीप्रमाणे नावं होती: डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. बांगड्यांची काच, कापडाची रंगाई, साबण, धुणं, सगळ्याला तो खार लागायचा. आईला तिच्या आजीचं बोलणं आठवतं. घोंगडी आणि वाकळा धुवायला 'लोणारचा खार' आणायचा, असं ती म्हणायची. आईनं स्वतः तो कधी पाहिला नाही. तोवर दुकानात सोडा यायला लागला होता.

हा दुकानातला सोडा म्हणजे रसायन म्हणून लोणारच्या खाराचाच भाऊ. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस मिठापासून सोडा करण्याची युक्ती निघाली. पुढे १८६० च्या दशकात सॉल्वे नावाच्या बेल्जियन माणसानं ती स्वस्त केली. आपल्याकडे गुजरातेत मिठापूरला १९३९ मध्ये टाटांनी रसायनांची कंपनी काढली आणि सोडा हे तिथलं मोठं उत्पादन झालं. कारखान्याचा सोडा स्वच्छ, कोरडा, पोत्यात भरलेला. लोणारच्या चिखलात उतरून डल्ला गोळा करायचं मग कारण उरलं नाही.

साबण त्याच्या आधीच आला होता. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात विलायतेहून सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. १८९५ मध्ये लाइफबॉय आला, लाल रंगाचा, कार्बोलिकच्या वासाचा. बऱ्याच घरांनी हे साबण आत घ्यायला नकार दिला, कारण त्यात जनावरांची चरबी असायची. आर्देशिर गोदरेज यांनी नंतर वनस्पती तेलाचा साबण काढला, तो स्वदेशीच्या काळात चालला, त्यामागे हेही कारण होतं.

लाइफबॉय आल्यानंतर वर्षभरात, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी सापडला. इथं आपल्या घरसफाईच्या इतिहासात एक वेगळंच प्रकरण सुरू होतं. तोवर घर साफ करणं हे घरातलं काम होतं. आता सरकार बंबाचे पाइप घेऊन दारात आलं. गटारांत आणि चाळींत कार्बोलिक ॲसिडचं पाणी सोडलं गेलं, भिंतींना चुना मारला गेला, लोकांचं सामान बाहेर काढून जाळलं गेलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं घराघरात गोरे सोल्जर घुसवले, देवघरं आणि माजघरंही सोडली नाहीत. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी त्याचं काय उत्तर दिलं, ते शाळेत आपण शिकलोय. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या.

आणि एवढं करून उपयोग किती झाला? प्लेग उंदरांच्या पिसवांमधून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. ते सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे सरकार भिंती धूत होतं आणि रोग पिसवांवर बसून पुढच्या गल्लीत जात होता. स्वच्छतेला उग्र वास असतो, नाक झोंबलं म्हणजे जंतू मेले, ही समजूत मात्र तेव्हापासून रुजली ती आजतागायत. २०२० मध्ये याच १८९७ च्या कायद्याखाली आपण कोरोना झेलला. मार्चमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीला घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारलं होतं, ते फोटो आठवत असतील. आमच्या गावातही टँकरनं डांबरी रस्ते धुतले. खरं काम करत होता तो साधा साबण. त्या विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं आणि साबण चरबी फोडतो. राख कढईवर जे करत होती, त्याच कुळातलं हे काम.

पुढची गोष्ट आपल्या पिढीनं पाहिलेली आहे. १९५९ मध्ये सर्फ आलं, पण ते बंगल्यांपुरतं. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी घराच्या मागे पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली. सर्फ किलोला तेरा रुपयांच्या आसपास आणि निरमा तीन रुपयांच्या आसपास, असा तो हिशेब होता. स्वस्त निरम्यातला मोठा भाग सोड्याचाच. ऐंशीच्या दशकात टीव्हीवर ललिताजी आल्या आणि स्वस्त वस्तू व चांगली वस्तू यातला फरक सगळ्या देशाला समजावू लागल्या. १९८९ मध्ये ठाण्यात पितांबरी सुरू झाली आणि चिंच भिजत घालायचं कामही संपलं.

इथं मला एक कबूल करायला हवं. डिटर्जंट जिंकलं ते नुसत्या जाहिरातीनं जिंकलं नाही. आमच्याकडचं विहिरीचं आणि बोअरचं पाणी जड. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट कपड्यावर चिकट पांढरा थर बसतो. डिटर्जंट त्याच पाण्यात नीट चालतं. ज्या बाईनं खाऱ्या बोअरच्या पाण्यात साबण घासघासून पांढरा सदरा पिवळाच राहिलेला पाहिलाय, तिला पावडरचं पाकीट हे सुखच होतं. त्या सुखाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. लहानपणी आमच्या घरी धुणं मी धूत नव्हतो.

पण त्या पाकिटाबरोबर दोन खोट्या गोष्टी घरात शिरल्या. पहिली, फेस म्हणजे स्वच्छता. फेस किती आला यावर मळ किती गेला हे ठरत नाही. आपण मात्र फेस दिसेपर्यंत पावडर टाकत राहतो, आणि मग तो फेस घालवायला आणखी दोन बादल्या पाणी. दुसरी, प्रत्येक जागेला वेगळी बाटली. काचेला निळी, फरशीला पिवळी, संडासाला काळी, ओट्याला हिरवी. आमच्या मोरीतल्या फळीवर त्या दिवशी मी मोजल्या, अकरा बाटल्या निघाल्या. त्यातल्या किती एकमेकींशी पटवून घेतात, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आणि हे सगळं जातं कुठं? आळंदीत इंद्रायणीवर गेली काही वर्षं पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगतात. वारकरी त्याच पाण्यात स्नान करतात. त्यात कारखान्यांचं पाणी आहे आणि प्रक्रिया न केलेलं शहरांचं सांडपाणीही आहे. त्या सांडपाण्यात तुमच्या-आमच्या मोरीचा वाटा आहेच. छोट्या गावांत तर नाला सरळ नदीत. डिटर्जंटमध्ये फॉस्फेट असेल तर ते पाण्यातल्या वनस्पतींना खतासारखं मिळतं. मग जलपर्णी वाढली की नगरपालिका ती काढायचं टेंडर काढते, आणि त्याची बातमी आम्ही करतो.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा वाटलं, शेवट सोपा आहे. राखेकडे परत चला, म्हणायचं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "राख चांगली व्हती, खरंय. पण माह्या मायचे हात पाह्यले व्हते का तू?"

नव्हते पाहिले. आजी मी पाळण्यात असताना गेली. आई सांगते, थंडीत तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, त्यात राख आणि खार शिरायचा. रात्री ती मेण आणि तेल लावून हाताला फडकं गुंडाळून झोपायची. पहाटे पुन्हा सारवण. सारवणानं मातीच्या जमिनीची धूळ धरून ठेवली जायची, हे खरं. पण त्यासाठी रोज वाकायचं, शेण कालवायचं, पोतेरं फिरवायचं. आणि 'शेण जंतुनाशक असतं' म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं, की बाळाच्या नाळेला शेण लावल्यानं धनुर्वात होऊन आपल्याकडे कितीतरी बाळं दगावली आहेत.

शिवाय घरातली घाण बाहेर नेणारे हात कुणाचे होते, हे तर आपण बोलतच नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून चालावं लागे, हे डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवलंय. डोक्यावरून मैला वाहायला लावणं थांबावं म्हणून या देशात १९९३ मध्ये एक आणि २०१३ मध्ये दुसरा कायदा करावा लागला. आमच्या अमरावतीकडचे गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांच्या नावानं २०००-०१ मध्ये सरकारनं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. गावं खरोखर चकचकीत झाली, बक्षिसं मिळाली, मीही त्या बातम्या दिल्या. पण बाबांचं खरं सांगणं माझ्या मते पुढचं होतं. खराटा दुसऱ्याच्या हातात देऊ नका, आपल्या हातात घ्या. पारावर बसून 'पूर्वी सगळं कसं नैसर्गिक होतं' म्हणणाऱ्या आम्हा पुरुषांच्या हातात पूर्वीही खराटा नव्हता आणि आजही नाहीये.

त्यामुळे राखेकडे परत जाता येणार नाही. गॅस आला, चुली विझल्या, आणि ते चांगलंच झालं. आता ऑनलाइन भांडी घासायची राख पाकिटात मिळते म्हणे. विनोद म्हणून ठीक आहे. पण राखेमागची जी समज होती, ती परत आणता येईल. वर्षभरात आमच्या फळीवरच्या अकरा बाटल्यांच्या चार वस्तू झाल्या. कशाला काय, ते सांगतो.

धुण्याचा सोडा. किराणा दुकानात किलोवर मिळतो. तेलकट ओटा, चिमणीची जाळी, तुंबत आलेली मोरीची नळी, यावर गरम पाण्यातून. हातमोजे घालून. ॲल्युमिनियमच्या भांड्याला लावायचा नाही, भांडं काळं पडतं.

खाण्याचा सोडा. हा मवाळ. चहाचे डाग, फ्रिज, सिंक.

लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर. नळावरचा पांढरा क्षार, बादलीवरचे पाण्याचे डाग, तांबं-पितळ. पण शहाबादी किंवा कडप्प्याच्या फरशीला आंबट लावू नका. तो चुनखडीचाच दगड, आंबटानं झिजतो. आमच्या मोरीची शहाबादी फरशी खडबडीत का झाली आणि डाग का धरायला लागली, याचं उत्तर मला इथं मिळालं. वर्षानुवर्षं आम्ही तिच्यावर ॲसिड ओतत होतो. म्हणजे ॲसिडनंच डागांना घर करून दिलं होतं आणि ते डाग काढायला आम्ही पुन्हा ॲसिडच आणत होतो.

चौथा साधा साबण. फरशी पुसायला, हात धुवायला, बाकी सगळ्याला.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफस दाखवणारे व्हिडिओ फिरतात. फसफस दिसायला छान, पण क्षार आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात, हातात उरतं जवळपास खारट पाणी. वेगवेगळे वापरा. आणि प्रत्येक ठिकाणी घरगुतीच चालतं, असंही नाही. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, ती टाकलीच पाहिजे. तिथं लिंबू चालणार नाही. घरात कुणाला जुलाब-उलट्या असतील तर संडासाला ब्लीचिंग वापराच. फक्त एकटं वापरा, खिडकी उघडी ठेवून, आणि त्याच्या जवळपास कुठलंही ॲसिड नको.

भिंतींचं राहिलं. चुना आता फारसा कुणी लावत नाही. पण आमच्या मागच्या खोलीला ओल येते, तिथं यंदा चुनाच मारला, चिमूटभर नीळ घालून. चुन्याचा क्षार तिखट, बुरशीला लवकर टिकू देत नाही, आणि ओल्या भिंतीला श्वास घेऊ देतो. मारताना डोळे सांभाळावे लागतात, तेवढंच.

आठवडी बाजारातली ती हातगाडी अजून उभी असते. दोनदा लेखी तक्रार दिली आहे, पोचपावती माझ्याकडे आहे. यावेळी बातमीत माझ्या घरचाच किस्सा लिहिला, तेव्हा चार फोन आले. त्यातल्या दोन घरांत अगदी हेच घडलं होतं. एकीनं विचारलं, "भाऊ, ही गोष्ट बाटलीवर का नाही लिहीत?" लेबलच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, ताई, पण इतकं बारीक की माझ्या आईला चष्मा लावूनही दिसत नाही. आणि हातगाडीवरच्या बाटलीला लेबलच नसतं.

यंदाची दिवाळी जवळ आलीय. मोरी मी घासतोय. पहिल्या रविवारी आई दारात खुर्ची टाकून बसली होती, सूचना देत. सोडा जास्त झाला, कोपरा राहिला, पाणी वाया घालवू नको. तासाभरानं माझी पाठ धरली. तिनं विचारलं, "दुखते काय रे?" मी हो म्हणालो. त्यावर ती काही बोलली नाही, नुसती हसली.

तुमच्या घरात कुणी सत्तरीच्या पुढचं असेल तर एवढं विचारा, की तुम्ही घर कशानं साफ करत होता, आणि ते करताना काय दुखत होतं. दोन्ही उत्तरं लिहून ठेवा.